गेला पर्याय कुणीकडे?

ऑफिसात माणसाला सगळ्यात थंडपणे आडवं करणारं वाक्य कोणतं? ‘इन्क्रिमेंटचं पुढच्या वर्षी बघू’ हे नव्हे. त्यात निदान पुढचं वर्ष तरी असतं. ते वाक्य आहे, ‘माझ्याकडे तर येतंय!’

तुम्ही सकाळपासून एका चार्टशी झटताय. मागणी माफक आहे: बारच्या डोक्यावर आकडा दिसावा. ऑप्शन सापडत नाही. शेजारच्या टेबलावरचा तरुण चहाचा कप घेऊन येतो, तुमच्या खांद्यावरून वाकून बघतो, आपल्या जागेवर जातो, माउस दोनदा टिकटिकवतो आणि तिथूनच जाहीर करतो, ‘माझ्याकडे तर येतंय!’ झालं. म्हणजे ऑप्शन आहे, एक्सेल ठणठणीत आहे. जे काही बिघडलंय ते तुमच्या खुर्चीत बसलंय.

आमचं म्हणणं उलटं आहे. खुर्चीतला माणूस बहुतेक वेळा निर्दोष असतो. ऑप्शन खरोखरच तिथे नसतो, तो का नाही हे एक्सेलला पक्कं ठाऊक असतं, आणि एक्सेल तोंडातून अक्षर काढत नाही.

फोनवरून चार्ट दुरुस्त करणं हा आता घरोघरचा उद्योग आहे. मामा बँकेतून निवृत्त, सध्या हौसिंग सोसायटीचे सेक्रेटरी. भाचा हिंजवडीत.

‘मामा, लेबलवर राइट क्लिक करा. फॉरमॅट डेटा लेबल्स आलं?’

‘नाही. फॉरमॅट चार्ट एरिया आलंय.’

‘तुम्ही बाहेर पांढऱ्यावर केलंत. लेबलवर करा.’

‘अरे, लेबल नाहीये म्हणून तर तुला फोन केला! नसलेल्या लेबलवर क्लिक करू कसं?’

‘बरं, मग बारवर करा.’

‘केलं. फॉरमॅट प्लॉट एरिया.’

‘दोन बारच्या मधे पडलं ते. बारवर मामा, बारवर.’

‘थांब, चष्मा बदलतो.’

यात मामांचं काहीही चुकलेलं नाही. ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ हे कलम लेबल अस्तित्वात आल्यावरच मिळतं. त्याआधी बारवर राइट क्लिक करून ‘ॲड डेटा लेबल्स’ म्हणावं लागतं. आणि चार्ट दिसतो एक, असतो अनेक. बाहेरची पांढरी पट्टी वेगळी, आतलं मैदान वेगळं, बारांची रांग वेगळी, रांगेतला एकटा बार वेगळा. राइट क्लिकचा मेनू माउसचं टोक कशावर टेकलंय ते बघून बदलतो. लेबलवर एकदा क्लिक केलं तर सगळी लेबलं पकडली जातात, पुन्हा केलं तर एकच. मग माणूस मोठ्या हौसेनं रंग बदलतो आणि फक्त मार्च महिनाच लाल होतो.

यावर फार सोपा इलाज आहे. चार्ट निवडल्यावर वर ‘फॉरमॅट’ टॅब येतो. त्याच्या अगदी डाव्या टोकाला एक छोटी यादी असते. तीत चार्टमधल्या एकूण एक अवयवांची नावं लिहिलेली असतात. नेम धरायचा नाही, चष्मा बदलायचा नाही, यादीतून हवं ते नाव निवडायचं. हे मामांना कुणी सांगत नाही, कारण भाच्यालाही ते माहीत नसतं. त्याच्याकडे येतं, एवढंच त्याला माहीत असतं.

समजा मामा एकदाचे पोहोचले. उजवीकडे उभा कप्पा उघडला. इथे ‘लेबल ऑप्शन्स’ शोधायचेत. सर्वांत वर दोन नावं: ‘लेबल ऑप्शन्स’ आणि ‘टेक्स्ट ऑप्शन्स’. पहिलं निवडलं की खाली चार चित्रं: रंगाचा डबा, परिणाम, आकार, आणि तीन उभ्या पट्ट्या. या पट्ट्यांचं नाव काय? ‘लेबल ऑप्शन्स’. त्या दाबल्या की खाली एक घडी, उघडावी लागते. तिचं नाव? आपण ओळखलंच असेल. म्हणजे लेबल ऑप्शन्समधल्या लेबल ऑप्शन्समधले लेबल ऑप्शन्स उघडले की लेबलचे ऑप्शन सापडतात. यातलं एक दार जरी चुकलं तरी माणूस रंगाच्या डब्यात शिरतो, लेबलमागे पिवळा रंग भरतो आणि ‘ऑप्शन नाहीये’ म्हणून घरी जातो. तो खोटं बोलत नसतो.

आता व्हर्जनचा मामला. बारच्या डोक्यावर बारचाच आकडा न दाखवता दुसऱ्या रकान्यातला मजकूर दाखवायचा, उदाहरणार्थ रकमेच्या जागी शाखेचं नाव किंवा वाढीची टक्केवारी, यासाठी ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ अशी एक चौकट असते. बरोबरची खूण करा, सेलची रेंज दाखवा, खालच्या ‘व्हॅल्यू’ची खूण काढा (नाहीतर दोन्ही आकडे गळ्यात गळे घालून येतात), काम फत्ते. ही चौकट एक्सेल २०१३ पासून आहे. २०१० मध्ये नाही, २००७ मध्ये नाही, त्याआधीचं विचारूच नका. आणि आपल्याकडे कितीतरी टेबलांवर अजून २००७ आणि २०१० सुखेनैव नांदताहेत. ‘चालतंय ना, मग कशाला बदलायचं?’ हे धोरण पंख्यापासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळ्यांना लागू असतं.

२०१३ मध्ये चौकट आली, हे ऐकून कुणाला वाटेल की मोठं अवघड संशोधन असणार. तर ऐका. १९८३ साली लोटस १-२-३ नावाचा प्रोग्रॅम आला. हिरवा नाहीतर पिवळसर पडदा, माउस नाही, तिरकी रेघ दाबली की मेनू. त्या मेनूत ग्राफ, त्यात ऑप्शन्स, त्यात ‘डेटा-लेबल्स’. तिथे तो सेलची रेंज विचारायचा आणि मग लेबल मधे हवं, डावीकडे, वर, उजवीकडे की खाली, तेही विचारायचा. म्हणजे रकान्यातला मजकूर लेबल म्हणून चिकटवण्याची सोय फ्लॉपीच्या जमान्यात होती. एक्सेल आलं १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर. लोटस बाजारात मागे पडलं आणि त्याच्याबरोबर ही सोयही. ती परत यायला २०१३ उजाडावं लागलं. मधल्या काळात रॉब बोव्ही या एक्सेलतज्ज्ञानं ‘एक्सवाय चार्ट लेबलर’ नावाचं ॲड-इन लिहून फुकट वाटलं आणि जगभरच्या विश्लेषकांनी त्याच्यावर दिवस काढले. धंद्यात जिंकलेल्यानं हरलेल्याची बाजारपेठ घेतली, पण चांगली सवय उचलायला तीस वर्षं लावली.

जुन्या व्हर्जनवाल्यांनी तरीही हातपाय गाळू नयेत. एका लेबलवर क्लिक करा, पुन्हा क्लिक करून तेवढंच एक पकडा, वर फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाइप करा, हव्या त्या सेलवर क्लिक करून एंटर मारा. लेबल त्या सेलला बांधलं जातं. सेल बदलला की लेबल बदलतं. बारा बार असतील तर बारा वेळा करावं लागेल, पण सोय आहे, २०१० मध्येही आहे. तुम्ही २०१३ नंतरची फाइल जुन्या मशीनवर उघडलीत तर मात्र लेबलांच्या जागी चौकटी कंसात ‘सेलरेंज’ असा शब्द ओळीनं उभा दिसेल. घाबरू नका, व्हायरस नाही. जुन्या एक्सेलला नव्याची भाषा कळली नाही, म्हणून त्यानं पाकिटावरचं नाव वाचून दाखवलंय.

शिकवणाऱ्यांनीही गोंधळात भर घातली आहे. ‘लेआउट टॅबमध्ये जा, डेटा लेबल्स दाबा’ असं छापलेली क्लासची पुस्तकं अजून फिरताहेत. तो लेआउट टॅब २००७ आणि २०१० मध्ये होता. २०१३ मध्ये काढला. त्याजागी चार्टशेजारी एक अधिक चिन्ह आलं आणि डिझाइन टॅबमध्ये ‘ॲड चार्ट एलिमेंट’. नोकरीच्या परीक्षेला बसणारा पोरगा पुस्तकातलं पाठ करून जातो आणि पडद्यावर ते नसतंच.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. ऑप्शन गायब होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चार्टचा प्रकार. आणि इथे मला, नाइलाजानं, थोडी एक्सेलची बाजू घ्यावी लागणार आहे.

साधा कॉलम चार्ट घ्या. लेबल कुठे ठेवायचं याला चार जागा मिळतात: मधोमध, आत वरच्या टोकाला, आत तळाशी आणि बाहेर डोक्यावर. डोक्यावरच्या जागेला ‘आउटसाइड एन्ड’ म्हणतात आणि जनतेला हवी असते ती नेमकी हीच. आता साहेब म्हणाले, ‘अहो, चार वेगळे बार कशाला, एकावर एक रचा ना, छान दिसतं.’ तुम्ही चार्ट ‘स्टॅक्ड’ केलात. लेबलाच्या जागा बघायला गेलात तर तीनच उरल्या. आउटसाइड एन्ड गेला. कुठे गेला, का गेला, चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

विचार केला तर कारण उघड आहे. चार पुडांचा जेवणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या पुडाच्या डोक्यावर चिठ्ठी चिकटवा म्हटलं, तर ती लागणार तिसऱ्या पुडाच्या बुडाला. भाजीची चिठ्ठी आमटीला. म्हणून रचलेल्या बारांना बाहेरची जागा नाही. शहाणपणाचं आहे. ते एका ओळीत लिहायला काय जात होतं, एवढाच प्रश्न आहे.

बरं, साहेबांना मुळात हवं काय असतं? पुडांचे आकडे नव्हे. सगळ्यात वर एकूण बेरीज. आणि बेरीज नावाची वस्तू त्या चार्टमध्ये नाहीच. चार तुकडे आहेत, त्यांची उंची आहे, पण ‘एकूण’ला स्वतःचं शरीर नाही, मग लेबल चिकटणार कशाला? यावर जगभर जी चोरवाट चालते ती अशी. शीटमध्ये ‘एकूण’चा रकाना काढा. तो चार्टमध्ये घ्या. घेतल्या घेतल्या तो पाचवा तुकडा होऊन बाकीच्यांच्या डोक्यावर बसतो आणि चार्ट दुप्पट उंच होतो. बघणाऱ्याला हार्ट ॲटॅक येण्याआधी त्या तुकड्यावर राइट क्लिक करा, ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’ निवडा आणि फक्त ‘एकूण’ला रेषेचा चार्ट द्या. आता बारांच्या माथ्यांना टेकत एक रेषा धावू लागते. तिला लेबलं लावा, जागा ‘अबव्ह’ ठेवा. मग त्या रेषेला ‘नो लाइन’ द्या. शेवटी खालच्या रंगसूचीतून ‘एकूण’ हे नाव निवडून डिलीट करा, म्हणजे कुणी ‘हा कुठला रंग?’ म्हणून विचारायला नको.

चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या प्रोग्रॅममध्ये बेरीज दाखवायची तर आधी रेषा काढून मग ती नाहीशी करावी लागते! या घटकेला कितीतरी कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर अदृश्य रेषा ताठ उभ्या आहेत आणि त्यांच्याखाली बसून लोक पारदर्शक कारभारावर बोलताहेत. गूगल शीट्सनं यासाठी ‘टोटल डेटा लेबल्स’ अशी एक सरळ खूण दिली आहे. टिक करा, बेरीज डोक्यावर. इतकं सोपं असल्यामुळे ते वापरणाऱ्याला ऑफिसात कुणी एक्स्पर्ट म्हणत नाही.

टक्केवारीचंही तसंच. पाय चार्टच्या लेबलांत ‘परसेंटेज’ अशी चौकट असते. माणूस तिच्या प्रेमात पडतो आणि बार चार्टमध्ये तिला शोधायला जातो. ती तिथे नसते. ती पाय आणि त्याचा भोक पडलेला भाऊ डोनट, एवढ्यांचीच. कारण पूर्ण वर्तुळ म्हणजे शंभर, हे तिथे ठरलेलं असतं. सुट्या बारांचं शंभर कशाला म्हणायचं? हेही पटलं. पण मग ‘१०० टक्के स्टॅक्ड’ नावाचा चार्ट आहे, त्याचं काय? ज्याच्या नावात टक्के, ज्याच्या अक्षावर टक्के, ज्याची प्रत्येक काठी बरोब्बर शंभरावर कापलेली, त्याच्या लेबलांत टक्के नाहीत! लेबल मूळ आकडाच दाखवतं. अक्ष म्हणतो ४० टक्के, लेबल म्हणतं १,२८५. बघणारा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघतो. उपाय? टक्के शीटमध्ये आपल्या हातानं काढा आणि ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’नं चिकटवा. इथे एक्सेलची बाजू घेणं मी थांबवतो.

डोनटला लेबलाची जागा बदलायचा ऑप्शनच नाही; माउसनं एकेक ओढत बसा. थ्री-डी कॉलमलाही नाही. थ्री-डीचं मला फारसं दुःख नाही. बारांना जाडी आणि सावली दिली की संस्थेची प्रगती जास्त भक्कम वाटते असा चेअरमन लोकांचा समज असतो, आणि त्या समजाला अडथळा आणणारी कुठलीही गोष्ट देशहिताचीच म्हणायची.

२०१६ मध्ये एक्सेलनं वॉटरफॉल, ट्रीमॅप, सनबर्स्ट, हिस्टोग्राम असे नवे चार्ट आणले. नवे म्हणजे सुधारलेले असं आपण समजतो. तर या नव्यांच्या लेबलांत ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’ नाही! तीन वर्षांपूर्वी वाजतगाजत आणलेली सोय नव्या पिढीला मिळालीच नाही. ट्रीमॅप आणि सनबर्स्टमध्ये तर तुकडा लहान असला की त्याचं लेबल न सांगता गळून पडतं. मोठ्याचं नाव राहतं, छोट्याचं जातं. तक्रार तरी कुणाकडे करायची?

सुरुवातीला असं नव्हतं. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली आपल्या पुस्तकात पहिला बार चार्ट छापला. स्कॉटलंडचा एका वर्षाचा आयात-निर्यात व्यापार होता तो. पाय चार्टही त्याचाच, १८०१ सालचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे. कोरायला वेळ लागत असेल, पण आकडा हवा तिथे कोरता येत होता. पत्रा म्हणत नव्हता की या प्रकारात ही जागा उपलब्ध नाही.

गायब ऑप्शननंतरची दुसरी जात करड्या ऑप्शनची. गायब झालेला ऑप्शन दिसतच नाही. करडा दिसतो, पण दाबला जात नाही. दगडापेक्षा वीट मऊ. इथेही कारण सांगायची पद्धत नाही, आणि कारणं तर एकेक मासलेवाईक. शीटला कुणीतरी पासवर्ड लावून ठेवलाय आणि तो माणूस बदली होऊन नांदेडला गेलाय. किंवा तळाशी दोन शीट्स एकदम निवडल्या गेल्यात, वर फाइलच्या नावापुढे ‘ग्रुप’ असा बारीक शब्द आलाय, तो कुणी वाचलेला नाही. किंवा फाइल जुन्या पद्धतीनं ‘शेअर्ड’ केलीय, मग चार्टला हात लावायची बंदी. नेटवर्कवरच्या सामाईक फाइलमध्ये सगळ्यांनी मिळून चार्ट करावा या कल्पनेला एक्सेलचा फार पूर्वीपासून विरोध होता.

माझा सगळ्यात आवडता गुन्हेगार मात्र कंट्रोल आणि ६. कंट्रोल आणि ५ दाबलं की अक्षरांवर आडवी रेघ येते. थकबाकीदारानं पैसे भरले, यादीत त्याच्या नावावर रेघ मारायची म्हणून मॅडम घाईनं कंट्रोल ५ मारायला जातात आणि बोट ६ वर पडतं. क्षणात फाइलमधले सगळे चार्ट, लोगो, सह्यांची चित्रं बेपत्ता. घाबरून नवा चार्ट घालायला जावं तर इन्सर्टमधली चार्टची सगळी चित्रं करडी. मशीन रीस्टार्ट होतं, अँटिव्हायरस धावतो, हार्डवेअरवाल्याला फोन जातो, तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो (तो प्रत्येक आजारावर हेच म्हणतो). प्रत्यक्षात कंट्रोल ६ पुन्हा दाबलं की सगळी मंडळी आपापल्या जागी हजर. तो शॉर्टकट वस्तू दाखवायचा-लपवायचा आहे, एवढंच. एक ओळ लिहिली असती, ‘वस्तू लपवलेल्या आहेत’, तर हार्डवेअरवाल्याचे पैसे वाचले असते.

इतर दुकानांत फार वेगळं नाही. गूगल शीट्समध्ये लेबलं ‘कस्टमाइझ’खाली ‘सिरीज’मध्ये असतात, पण पाय चार्ट केलात तर तीच सोय ‘पाय चार्ट’ नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. लिबरऑफिसमध्ये चार्टवर डबल क्लिक करून आत शिरल्याशिवाय मेनूच बदलत नाही. आत शिरलात की इन्सर्ट मेनूत डेटा लेबल्स दिसतात, बाहेर असाल तर जन्मभर शोधा. आणि फोनवरच्या ॲपमध्ये चार्ट सुधारायला बसणाऱ्यांना काय सांगावं? लोकलमध्ये उभ्यानं पोटापाण्याची बरीच कामं होतात, हे होत नाही.

गंमत म्हणजे एक्सेल हा प्रोग्रॅम अबोल स्वभावाचा मुळीच नाही. आकडा मजकूर म्हणून टाइप झाला तर सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण लावून टोचतो. फॉर्म्युला स्वतःकडेच फिरून आला तर पडदा अडवून इशारा देतो. कधीकाळी तर ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी एक पेपरक्लिप होती, ‘तुम्ही पत्र लिहिताय वाटतं!’ म्हणत न विचारता मधे यायची. लोक इतके वैतागले की तिला घरी पाठवावं लागलं. तेव्हापासून बहुधा ठरलंय, की आता विचारलं तरी बोलायचं नाही. हल्ली ती जागा एआय सहाय्यकांनी घेतली आहे. ते फार सफाईनं रस्ता सांगतात: इथे जा, ते उघडा, आउटसाइड एन्ड निवडा. चार्ट स्टॅक्ड आहे का, हे विचारायचं राहून जातं. मग तुम्ही ‘ऑप्शन दिसत नाही’ म्हटलं की ते नम्रपणे दुसरा, तितकाच नसलेला रस्ता सांगतात.

या मौनाची किंमत कोण भरतं? ऑप्शन सापडला नाही म्हणून कुणी चार्ट सोडून देत नाही. तो ‘टेक्स्ट बॉक्स’ घेतो. बारच्या डोक्यावर पांढरी चौकट ठेवतो, आत आकडा टाइप करतो, चौकटीची कड काढून टाकतो. दिसायला अस्सल लेबल. छापलं, वाहवा मिळाली. पुढच्या वर्षी तीच फाइल ‘सेव्ह ॲज’ होते, शीटमध्ये नवे आकडे भरले जातात, बार आपसूक वरखाली होतात आणि टेक्स्ट बॉक्स गेल्या वर्षीचा आकडा छातीवर मिरवत जागच्या जागी. आढावा बैठकीत साहेब विचारतात, ‘हा बार त्या बारपेक्षा उंच आहे, मग आकडा कमी कसा?’ सभागृहात शांतता. मग कुणीतरी अनुभवी माणूस म्हणतो, ‘सर, तो प्रोव्हिजनल आहे.’ साहेब मान डोलावतात. प्रोव्हिजनल या शब्दानं आजवर किती टेक्स्ट बॉक्स पचवलेत याची मोजदाद नाही.

तेव्हा यापुढे ऑप्शन दिसला नाही तर लाजू नका, उलट प्रश्न विचारा. व्हर्जन कुठलं? चार्टचा प्रकार कुठला? क्लिक नेमकं कशावर पडलं? फाइल नव्या साच्यातली की जुन्या एक्सएलएसमधली? आणि शेजारच्या टेबलावरून आवाज आलाच, तर ‘तुझा चार्ट स्टॅक्ड आहे का रे?’ एवढं विचारून बघा. चहा गार होईपर्यंत उत्तर येणार नाही.

जाता जाता, हव्या असलेल्या आणखी एका सोयीबद्दल. रक्कम मोठी असली की अक्षावरचे आकडे आखूड करायला एक्सेल ‘डिस्प्ले युनिट्स’ची यादी देतं. उघडून बघा. शेकडा आहे, हजार आहे. पुढे नुसता १००००० असा अंक आहे. मग मिलियन्स, नावासकट. मग नुसता १०००००००. मग बिलियन्स, ट्रिलियन्स, पुन्हा नावासकट. म्हणजे लाखाची आणि कोटीची खुर्ची मांडलेली आहे, पाटी मात्र लावलेली नाही. म्हणून आमच्याकडचा माणूस ते अंक ओलांडतो आणि नाव दिसतं म्हणून मिलियन्स निवडतो. खरं तर शेजारच्या रकान्यात रकमेला एक लाखानं भागून त्याचाच चार्ट काढला आणि शीर्षकात ‘रुपये लाखांत’ लिहिलं की काम होतं. पण तेवढं कोण करतो? पतसंस्थेची वार्षिक सभा भरते, पडद्यावर ठेवींचा थ्री-डी बार झळकतो, डोक्यावर लेबल ४२०, खाली बारीक अक्षरांत मिलियन्स. मागच्या रांगेतून एक सभासद उठून विचारतात, ‘चेअरमनसाहेब, मिलियन म्हणजे आपल्या हिशोबानं किती?’

चेअरमन मॅनेजरकडे बघतात. मॅनेजर लॅपटॉपवाल्या मुलाकडे. मुलगा पडद्याकडे.

‘भरपूर,’ चेअरमन म्हणतात, आणि पुढचा विषय पुकारला जातो.